पंचवीस किलोचे दहा किलो झाले: सातपूरच्या एका घराचं रेशन केवायसी प्रकरण

हे प्रकरण २०२५ च्या मे ते सप्टेंबरमधलं आहे. नावं बदललीत, वस्तीचं आणि गावाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. मी नाशिकच्या सातपूर भागात रेशन, आधार, दाखले असल्या कागदपत्रांच्या कामात लोकांना मदत करते. रेशनच्या तक्रारी तर रोजच्याच, पण ही सविस्तर लिहितेय कारण केवायसीत, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवण्यात, जे जे म्हणून अडकू शकतं ते सगळं या एकाच घरात अडकलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी घरच्यांना काहीतरी ठरवावं लागलं, तेही अर्धवट माहितीवर.

पार्श्वभूमी

मंदाताई आणि त्यांचे मिस्टर मूळचे पेठ तालुक्यातले. भाताच्या आवणीला गावी जायचं आणि बाकी वर्ष नाशकात काढायचं, असं पेठ-सुरगाण्याकडची कित्येक घरं करतात तसंच यांचं. आधी निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागेत जायचे, छाटणी, पेस्टिंग, थिनिंग, खुडणी, जे मिळेल ते. मुलं मोठी व्हायला लागल्यावर सातपूरला भाड्याने खोली घेतली. मिस्टर सेंट्रिंगच्या कामावर, मंदाताई चार घरची धुणीभांडी करतात. सोबत सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आजीच म्हणते. मुलं तीन: सोळा वर्षांची मोठी मुलगी पेठकडे आश्रमशाळेत, नऊ वर्षांचा मुलगा इथल्या मनपा शाळेत, आणि चार वर्षांची धाकटी.

कार्ड गावचं, केशरी, प्राधान्य कुटुंबातलं. कार्डावर नावं पाच, धाकटीचं नाव लावायचं राहूनच गेलेलं.

इथे एक गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अंत्योदय कार्ड असेल तर घरात माणसं किती का असेनात, महिन्याला कार्डामागे ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी ५ किलो. म्हणजे पाच नावं, पंचवीस किलो. अंत्योदयवाल्याचं एखादं नाव अडकलं तरी ३५ किलोवर लगेच फरक पडायचं कारण नाही, प्राधान्यवाल्याचं एक नाव अडकलं की पाच किलो गेलेच.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. कोरोनात एप्रिल २०२० पासून त्याच्यावर माणशी ५ किलो जास्तीचं मोफत मिळायला लागलं, म्हणजे दोन्ही मिळून दहा. ते जास्तीचं डिसेंबर २०२२ ला बंद झालं आणि जानेवारी २०२३ पासून कायद्यातलं मूळ पाच किलोच मोफत केलं, पुढे जानेवारी २०२४ पासून ते पाच वर्षं चालू ठेवायचं ठरलं. मोफत झालं म्हणून लोक खूश आणि ते बरोबरच आहे, पण वजनाच्या हिशोबाने बघितलं तर घरात येणारं धान्य निम्मं झालं. मंदाताईंना हे पाठ आहे, "तेव्हा पन्नास किलो यायचं, पोती ठेवायला जागा नसायची."

अजून एक. मोफत झाल्यापासून दुकानात लोकांचा आवाज खाली आलाय असं माझं मत आहे. पैसे देत होते तेव्हा "किलोभर कमी का" म्हणून भांडायचे. आता मागून कोणीतरी म्हणतंच, फुकटचं आहे ना मग काय एवढं. अहो, फुकट असलं तरी कायद्यातला हक्क आहे तो.

कार्ड पेठचं असलं तरी धान्य हे लोक सातपूरच्याच दुकानातून घ्यायचे. वन नेशन वन रेशन कार्ड म्हणतात ते परराज्यातल्या लोकांसाठीच आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण राज्यातल्या राज्यात, दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानातही ते चालतं. आधार लिंक असलं की झालं. मंदाताईंचं सगळं सुरळीत चालू होतं.

नियम नेमका काय बदलला

आधी मशीनवर, म्हणजे ई-पॉसवर, घरातल्या कोणत्याही एका माणसाचा थम लागला की अख्ख्या कार्डाचं धान्य निघायचं. मंदाताई जायच्या, अंगठा लावायच्या, पाच जणांचं घेऊन यायच्या. आजींचा अंगठा उठतो की नाही हे कधी बघायची वेळच आली नाही.

केवायसी आली आणि कार्डावरच्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः समोर येऊन आपण आहोत हे दाखवायचं झालं. बोगस नावं, मेलेल्यांची नावं, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं काढायची म्हणून हे आहे, आणि तशी नावं असतात हे मीही बघितलंय, त्यामुळे हेतूवर माझा काही आक्षेप नाही. पण मिळवती माणसं, ज्यांचे अंगठे उठतात, जी दुकानात स्वतः जातात, त्यांची केवायसी आपसूक होऊन जाते. अडकतात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि शिक्षणासाठी बाहेर राहणारी. नेमकी तीच, जी दुसऱ्याच्या अंगठ्यावर जेवत होती.

मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती ३० एप्रिलपर्यंत गेली. मुदत वाढत होती त्यामुळे लोकही निवांत होते, परत वाढेल म्हणून. त्यातच त्या उन्हाळ्यात अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम पण चालू होती, तिचा फॉर्म वेगळा, राहत्या पत्त्याचा पुरावा वेगळा. वस्तीत निम्म्या लोकांना वाटलं तो फॉर्म भरला म्हणजे केवायसी झाली. मंदाताईंच्या मिस्टरांनाही तसंच वाटलं, ते गावी जाऊन तो फॉर्म भरून आले होते आणि काम झालं म्हणून निर्धास्त होते.

अडचण कुठे उघडी पडली

मे महिन्यात मंदाताई दुकानात गेल्या, अंगठा लावला, पावती आली दहा किलोची. दुकानदार म्हणाला, मशीनच एवढं देतंय, मी काय करू. मंदाताईंना वाटलं हाच मारतोय. थोडी बाचाबाची झाली, मागची लाइन ओरडायला लागली, त्या दहा किलो घेऊन घरी आल्या आणि संध्याकाळी पावती घेऊन माझ्याकडे.

इथे पहिला निर्णय होता. तक्रार करायची की आधी तपासायचं? मंदाताईंना लगेच तक्रार करायची होती, शेजारणींनीही तेच सांगितलेलं. मी म्हटलं थांबा, पावती बघू. पावतीत दहा किलो होतं आणि हातातही दहा किलोच होतं, म्हणजे मापात गडबड नव्हती, हक्कच कमी दाखवत होता. दोन्हींच्या तक्रारी वेगळ्या. पावतीपेक्षा कमी दिलं तर दुकानदाराची तक्रार, पावतीच कमी निघाली तर वर बघायला लागतं. बारा अंकी कार्ड नंबर टाकून ऑनलाइन बघितलं तर मंदाताई आणि मिस्टर दोघांच्या नावापुढे केवायसी झालेली, आजी, मोठी मुलगी आणि मुलगा तिघांच्या पुढे नाही. तीन नावं, पंधरा किलो. हिशोब जुळला.

दुकानदार त्या दिवशी एक वाक्य जास्त बोलला असता, की तीन नावांची केवायसी बाकी आहे, तर भांडण झालंच नसतं.

पंधरा किलो म्हणजे किती, तर त्या वेळी किराण्यात गहू तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास आणि साधा तांदूळ चाळीसच्या घरात. महिन्याला पाचशे रुपयांच्या वर बोजा. सेंट्रिंगवाल्याची एक दिवसाची मजुरी. ऐकायला फार वाटत नाही, पण पावसाळा तोंडावर होता आणि पावसाळ्यात स्लॅबची कामं मंदावतात, आठवड्यातून तीन दिवस काम मिळालं तरी नशीब.

समोर काय काय पर्याय होते

वस्तीत एकाने सांगितलं, गावचं कार्ड रद्द करून इथलं नवीन काढून देतो, तीन हजार द्या, सगळ्यांची नावं आणि धाकटीचंही नाव त्यातच लावून टाकू. हे ऐकायला सगळ्यात सोपं होतं आणि मिस्टर जवळजवळ तयार झाले होते. माझा याला ठाम विरोध होता, आणि कारण लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. केशरी कार्ड मिळणं वेगळं आणि त्या कार्डावर धान्य मिळणं वेगळं. अन्न सुरक्षेत किती माणसं घ्यायची याचा इष्टांक ठरलेला असतो, तो भरलेला असला की नवीन कार्ड केशरी निघतं पण धान्याविना. गावच्या कार्डावर चालू असलेला हक्क स्वतःच्या हाताने सोडायचा आणि शहरात रांगेत शेवटी उभं राहायचं, हा कसला व्यवहार? शिवाय त्याच केशरी कार्डावर मंदाताईंचा लाडकी बहीणचा फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय भरला गेला होता. कार्डाला हात लावायचा नाही हे मी दोनदा सांगितलं.

दुसरा पर्याय, सगळ्यांनी गावी जाऊन तिथल्या दुकानात केवायसी करायची. मिस्टरांच्या भावाने फोनवर हेच सांगितलं होतं, "कार्ड इथलं, मग काम इथंच होईल." तसं नाहीये. केवायसी कोणत्याही रेशन दुकानात होते. पेठला जायचं म्हणजे सावळघाट चढून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दोघांची मजुरी बुडणार, आणि तिथे रेंज मिळेल याची खात्री नाही. शिवाय अडचण दुकानाची नव्हती, आधारची होती. मुलाचा अंगठा सातपूरला जुळत नसेल तर पेठला कसा जुळणार.

तिसरा, तक्रार. १९६७ ला फोन, किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. याला कायद्याचं पाठबळ आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी भुकेने गेल्याच्या बातमीवरून देशभर गदारोळ झाला होता, आधार लिंक नाही म्हणून त्या घराचं कार्ड बंद झालं होतं. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही म्हणून कोणाचं नाव काढू नका आणि अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका. आणि कायद्याच्या कलम ८ मध्ये हक्काचं धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यायची तरतूद आहे. म्हणजे कागदावर बाजू भक्कम. पण नाव काढलेलं नव्हतं, फक्त थांबवलेलं होतं, आणि समोरून "केवायसी करा, लगेच चालू होईल" हेच उत्तर येणार हे दिसत होतं. तक्रारीत वेळ जाणार आणि शेवटी केवायसी करायचीच.

चौथा पर्याय, आणि हाच घेतला: एकेकाचं आधार आधी नीट करायचं, मग केवायसी, तक्रार हातात ठेवायची.

काय केलं, आणि कुठे कुठे थांबावं लागलं

क्रम महत्त्वाचा होता. आधी कोणाचं? मंदाताईंचं म्हणणं आजींचं आधी करू, म्हातारं माणूस आहे. मी म्हटलं मुलीचं आधी, कारण ती सुट्टीला घरी आली होती आणि जूनच्या मध्याला आश्रमशाळा उघडली की ती हाताशी राहणार नाही. आजी कुठे जात नाहीत.

मुलीचं आधार लहानपणी काढलेलं, बोटांचे ठसे तेव्हाचे. पंधरा वर्षं पूर्ण झाली की बायोमेट्रिक परत द्यावं लागतं, पंधरा ते सतरा या वयात ते मोफत होतं. हे घरात कोणाला माहीत नव्हतं, शाळेनेही सांगितलं नव्हतं. आधार केंद्रावर टोकनसाठी सकाळी सहाला मिस्टर जाऊन उभे राहिले, नंतर मायलेकी गेल्या. पोरगी वैतागली होती, सुट्टीत मामाकडे जायचं सोडून रांगा.

मुलाचं त्याच दिवशी केलं. त्याचं बालआधार होतं, पाच वर्षांच्या आतलं, त्यात ठसेच घेत नाहीत, फक्त फोटो आणि आईबापाचं आधार. म्हणजे त्याचा अंगठा जुळणं शक्यच नव्हतं, सिस्टिममध्ये अंगठाच नव्हता! पाच ते सात वयात मोफत झालं असतं, तो नऊचा, त्यामुळे तेव्हाच्या नियमाने शंभर रुपये गेले. दुकानदार महिनाभर त्याला "बोट पूस, परत लाव" म्हणून मशीनवर बोट घासायला लावत होता, ते आठवून मंदाताईंना नंतर हसू आलं.

मुलीचं अपडेट जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झालं, मुलाचं लटकलं, एकदा रिजेक्ट होऊन परत करावं लागलं.

आता जूनमध्ये अजून एक भानगड. त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायचं ठरलं होतं. पुरात, पावसात वाहतूक अडू नये म्हणून, निर्णय चांगलाच. पेठसारख्या भागात तर फारच चांगला. पण ज्यांची नावं अडकली होती त्यांच्यासाठी त्याचा अर्थ असा की जूनमध्ये मशीनला जेवढी नावं चालू दिसतील तेवढंच तीन महिन्यांचं धान्य. एक महिन्याचं नुकसान तीन महिन्यांचं होणार.

हा या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय होता. जूनच्या सुरुवातीलाच जाऊन दोन नावांचं घेऊन टाकायचं, की मुलीचं नाव चालू होईपर्यंत थांबायचं? थांबलं तर दुकानातला साठा संपायची भीती, कारण सगळीकडे तीन महिन्यांच्या वाटपाची गर्दी होती आणि हे तर दुसऱ्या तालुक्याचं कार्ड, दुकानदार आपल्या लोकांना आधी देणार हे उघड आहे. न थांबावं तर मुलीचे तीन महिन्यांचे पंधरा किलो गेले. आणि घरात तोपर्यंत काय खायचं हा प्रश्न होताच, मे महिन्याचे दहा किलो कधीच संपले होते. एका घरच्या मॅडमनी आगाऊ पगार दिला, किराणावाल्याकडे उधारी केली, आणि थांबायचं ठरवलं. मुलीची केवायसी झाली तशी त्याच दुकानात मंदाताई रोज संध्याकाळी डोकावून यायच्या, मशीनमध्ये तीन नावं आली का. महिना संपायच्या आत आली. तीन नावांचं तीन महिन्यांचं, पंचेचाळीस किलो मिळालं.

आजींचं मात्र राहिलं. आजींनी उभं आयुष्य बागेत आणि चुलीपाशी काढलंय, बोटांच्या टोकांवर रेषा म्हणून काही उरलेलंच नाही, काचेसारखी गुळगुळीत. दहाही बोटं लावून बघितली. डोळ्याचं स्कॅनर असलेलं नवं मशीन दुसऱ्या एका दुकानात होतं तिथे रिक्षाने नेलं, तर मोतीबिंदूमुळे डोळाही घेईना. राहिला चेहरा. मेरा ई-केवायसी नावाचं ॲप आहे, सोबत आधार फेस आरडी हे चेहरा ओळखणारं दुसरं ॲप टाकावं लागतं, घरबसल्या चेहरा दाखवून केवायसी होते. पण त्यात आधी आधारला लिंक असलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आजींच्या आधारला पुतण्याचा नंबर, जो त्याने कधीच बंद केलेला. म्हणजे परत आधार केंद्र, पन्नास रुपये, मंदाताईंचा नंबर लावायचा, तो लागायची वाट बघायची.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. अंगठ्याला पर्याय चेहरा दिलाय, पण चेहऱ्याला कुलूप मोबाइलचं लावलंय, आणि म्हाताऱ्या माणसाचा मोबाइल कधीच स्वतःचा नसतो.

नंबर लागला जुलैत. मग एका सकाळी त्यांच्या दारात, उजेडाकडे तोंड करून आजींना खुर्चीत बसवलं. खोलीत अंधार म्हणून ॲप चेहराच पकडत नव्हतं. स्क्रीनवर गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. आजींना फोटो म्हटल्यावर सवय अशी की श्वास रोखून डोळे मोठे करून बसायचं. "आजी, डोळे मिटा, उघडा." आजी मिटायच्या त्या मिटूनच ठेवायच्या. नातू समोर उभा राहून मिचकवून दाखवतोय, शेजारच्या बायका हसतायत, ओटीपीची वेळ संपतेय, परत पहिल्यापासून. शेवटी धाकटीने येऊन आजीच्या चेहऱ्यावर फुंकर मारली, आजींचे डोळे आपोआप मिचकले आणि स्क्रीन हिरवी झाली. आजी म्हणाल्या, "झालं? एवढ्यासाठी दोन महिने?"

मुलाचं दुसऱ्यांदा केलेलं अपडेट ऑगस्टमध्ये लागलं आणि मग त्याचा अंगठा दुकानात पहिल्या झटक्यात जुळला.

शेवटी काय झालं

सप्टेंबरमध्ये पावती परत पंचवीस किलोची आली. बुडालं किती ते बघू: मे महिन्यात तीन नावांचे पंधरा, आणि जून ते ऑगस्ट दोन नावांचे तीस. पंचेचाळीस किलो. आजींची केवायसी जुलैत होऊनही जुलै-ऑगस्टचं मिळालं नाही, कारण तो वाटा जूनमध्येच वाटून झाला होता. बाजारभावाने दीड हजाराच्या वर. त्यात आधारचे दीडशे, रिक्षा, आणि बुडालेल्या खाड्यांचा हिशोब वेगळा. उधारी गणपतीनंतर फिटली.

बुडालेल्या धान्याचा भत्ता मागायचा का? मी अर्ज लिहून दिला होता, मे महिन्याची पावती जोडून. मंदाताईंनी विचार केला आणि नको म्हणाल्या. त्यांचं म्हणणं, दुकान तेच, दर महिन्याला तोंड त्याच माणसाचं बघायचंय, आणि आपलं कार्ड इथलं नाही, उद्या "साठा नाही, तुमच्या गावी जा" म्हणाला तर काय करू? मी समजावलं की अर्ज दुकानदाराच्या विरोधात नाहीये. पण मला ही भीती खोटी वाटत नाही, पोर्टेबिलिटी, म्हणजे दुसरीकडच्या दुकानातून धान्य घ्यायची सोय, कागदावर हक्क आहे आणि दुकानात ती बऱ्याचदा दुकानदाराच्या मर्जीवर चालते. अर्ज त्यांच्या पिशवीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा मंदाताईंची स्वतःची केवायसी दुकानातच झाली, तेव्हा बाकीच्या तिघांची बाकी आहे हे त्यांना सांगितलं जायला हवं होतं. दुकानदाराला ते मशीनमध्ये दिसतं. बाकी नावांची यादी दुकानाबाहेर लावली असती तरी काम झालं असतं. सातपूरमधल्याच दुसऱ्या एका दुकानात तशी यादी लावली होती, पण त्यात फक्त त्या दुकानाची कार्डं, मंदाताईंसारखी बाहेरची कार्डं कोणाच्याच यादीत येत नाहीत. गावच्या दुकानाच्या यादीत त्यांचं नाव असणार, ती वाचायला गावी कोण होतं? पोर्टेबिलिटीवाल्यांसाठी वेगळा विचार कोणी केलेला नाही, आणि नाशकासारख्या शहरात अशी घरं थोडी नाहीत.

आश्रमशाळेत एक दिवस आधारचं मशीन गेलं असतं तर पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या मुलामुलींचं एका दमात झालं असतं, सुट्टीत रांगेत उभं राहायची वेळ आली नसती.

जूनचं वाटप तीन महिन्यांचं होणार हे मे महिन्यातच कळलं होतं. तेव्हाच केवायसी बाकी असलेल्यांना तेवढ्यापुरतं तात्पुरतं धान्य देऊन पुढची मुदत देता आली असती. दोन वेगवेगळे निर्णय, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र आले आणि ज्यांच्याकडे आधीच कमी होतं त्यांचं तीन महिने कमी झालं. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून बघितले असते तर दिसलं असतं.

घरच्या बाजूने बघितलं तर थांबण्याचा निर्णय बरोबर ठरला, पण तो जमला कारण आगाऊ पगार देणारी एक मॅडम होती. ज्यांना तसं कोणी नसतं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मिळेल ते घ्यावं असंच मी सांगेन. आणि आजींचा मोबाइल नंबर मे महिन्यातच, मुलांसोबत त्याच रांगेत बदलून घेतला असता तर महिनाभर तरी वाचला असता. तेव्हा अंगठा आणि डोळा दोन्ही नाही म्हणतील असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता कोणाकडे सत्तरीच्या आसपासचं माणूस असेल तर मी अंगठा बघायच्या आधी आधारला कोणाचा नंबर आहे तेच विचारते.

धाकटीचं नाव लावायचं बाकीच आहे. त्यासाठी तिचा जन्मदाखला आणि आधार लागतं आणि अर्ज कार्ड जिथलं आहे त्या तहसीलकडे, म्हणजे पेठला जातो, ऑनलाइन भरला तरी. जन्मदाखल्यात आईचं नाव माहेरचं लागलंय, ते आधी दुरुस्त करायचं. आणि नाव लागलं तरी इष्टांकात जागा असेल तरच धान्य. त्यातून २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने रेशनच्या नियंत्रण आदेशात बदल केलाय, त्यानुसार दर पाच वर्षांनी केवायसी परत करायची आणि मूल पाच वर्षांचं झालं की वर्षभरात त्याचीही. धाकटी पुढच्या वर्षी पाचची होईल. त्यामुळे मंदाताईंना सांगितलंय की पाच पूर्ण झाली की लगेच आधार केंद्र गाठायचं, सातच्या आत मोफत आहे. जन्मदाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला.